शेकेल म्हणजे शेकेलच

दिवाळी अंकासाठी गोष्ट द्याच, म्हणून वाचनालयाच्या बायका आठवडाभर माझा उंबरा झिजवतायत. चौथी नापास मासळीवाल्याकडून गोष्ट मागायची, ही काय खोड? बरं, घ्या. मधे कोणी शंका काढायची नाही.

चेमूल बंदरावर भोगदत्त राजा भर दुपारी हट्टाला पेटला. रोमहून आलेला मार्कुस मिरी तोलायचा लिब्र्यात. यहुद्यांच्या मुलखातून आलेला एलाझार तोलायचा शेकेलात. राजाला दोघांच्या वजनांचा मेळ हवा होता. बंदरावरची तागडी नागीच्या हातात. बापामागं तिनंच ती सांभाळली होती. आल्यागेल्या खलाशांची बोलीही तिला कळायची. म्हणून राजानं तिलाच विचारलं.

"नागे, मार्कुसच्या एका लिब्र्याला काय बसतं?"

"अठ्ठावीस शेकेल, महाराज. वर थोडं."

राजा ताठ झाला. "कोणाला शेकेल?"

"कोणाला नाही, महाराज. नुसतं शेकेल."

"अगं, पण कोणाला? मला? माझ्याच बंदरात मला धमकी देतेस?"

"धमकी कसली, वजन आहे ते. एलाझारशेठच्या गावाकडचं."

मार्कुसला आपली बोली फार येत नव्हती, पण कुठं हसायचं तेवढं कळत होतं. तो पोट धरून हसला आणि सगळा घोटाळा झाला. राजाला आपली चूक उमगली होती. पण परक्यासमोर चूक कबूल करील तो राजा कसला?

"माझ्या राज्यात शेकेल म्हणजे शेकेलच," तो गरजला. "आता एक लिब्रा भरेल एवढं शेकेल तोलून दाखव. हात लावला की चटका बसला पाहिजे. आणि सूर्य बुडेपर्यंत त्यातलं रतीभर वजन घटलं, तर तागडी समुद्रात आणि तू घरी."

नागीनं नांगर घडवणाऱ्या लोहाराकडून निखारे आणले. एका पारड्यात मार्कुसचा लिब्रा ठेवला, दुसऱ्यात निखारे. काटा सरळ झाला. ती घाम पुसते न पुसते, तोच निखाऱ्यांवर राख धरली आणि पारडं वर निघालं.

"उडालं की तुझं शेकेल," मार्कुस म्हणाला.

"तुझे दात दिसतायत, ते झाक आधी."

एलाझार बिचारा ओशाळा झाला होता. "बाई, माझ्यापायी तुझी तागडी जाणार. तुमची भाषाच वाईट."

"भाषा नाही हो शेठ, राजाचा कान वाईट. आवरा तुमची वजनं, उन्हात पडलीत कधीची."

एलाझारनं आपलं काशाचं एक वजन उचललं आणि हाय करून टाकून दिलं. बोटं फुंकत बसला. नागी त्या वजनाकडं बघतच राहिली.

"शेठ, हे सगळे शेकेल मला द्या. संध्याकाळी परत."

"कशाला?"

"भाजायला."

उन्हं उतरली तेव्हा राजा पुन्हा बंदरावर आला. नागीनं लोहाराच्या चिमट्यानं भट्टीतून एकेक वजन उचलून पारड्यात टाकलं. बोराएवढी वजनं, पण लालबुंद. अठ्ठावीस झाली, तरी लिब्रा खालीच.

"वरचं थोडं राहिलं," राजा म्हणाला. त्याला बरंच वाटत होतं.

"थांबा की, महाराज. हा अर्धा शेकेल. याला हे लोक बेका म्हणतात. आणि हे चार गेरा, म्हणजे दाण्याएवढे. वीस गेऱ्यांचा एक शेकेल होतो." तिनं शेवटचा दाणा सोडला आणि काटा उभा राहिला.

सूर्य पाण्याला टेकला. काटा हलला नाही. वजनांची लाली मात्र गेली होती.

"हरलीस," राजा म्हणाला. "हे तर गार झालं." आणि सगळ्यांदेखत त्यानं एक शेकेल बोटानं दाबला.

"आई गं!"

राजा बोट तोंडात घालून उभा. नागीनं पदर सावरला.

"मी दुपारीच सांगितलं होतं, महाराज. शेकेल."

राजानं बोट तोंडातून काढलं, तिच्याकडं पाहिलं, आणि असा हसला की बंदरावरच्या बगळ्यांची रांग उडाली. मार्कुस या खेपेला हसला नाही. राजानं त्याच्या मिऱ्यांचं एक पोतं उचलून नागीच्या दारात टाकायला लावलं, तागडीला चांदीच्या साखळ्या दिल्या, आणि दवंडी पिटवली की चेमुलात नागी सांगेल तोच तोल खरा.

झाली गोष्ट. आता जो माझा काटा खोटा आहे म्हणून भर मासळीबाजारात बोंबलला होता, त्यानं तेवढी माफी मागून जावी. त्याचं नाव लिहून ठेवतो: दामू घरत.