राखलेली जागा

फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका गावाला पायाने चेंडू खेळायचा मोठा नाद होता. त्या गावात आघाडीला खेळणारा एक गडी होता. चेंडू त्याच्या पायाशी आला, की गोल झालाच म्हणून समजा.

असा माणूस गावात टिकतो थोडाच? एका राजाने त्याला आपल्या संघात नेले. त्याच्याकडून दुसऱ्याने नेले, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. राजेलोकांना दुसऱ्याच्या ताटातला लाडू नेहमीच मोठा दिसतो.

गावाची मात्र एक रीत होती. परमुलखात गेलेल्या गड्याची जागा, तो स्वतःच्या तोंडाने 'सोडली' म्हणेपर्यंत, दुसऱ्या कुणी घ्यायची नाही. दरवर्षी जत्रेत पैलतीरच्या गावाशी सामना होई. त्याआधी गड्याचा धाकटा भाऊ आठ दिवस चालत त्याच्याकडे जाई आणि विचारी, "दादा, येतोस, की जागा सोडतोस?"

"पुढच्या वर्षी नक्की येतो रे. जागा राखा," दादा म्हणे.

तो खोटे बोलत नव्हता. परक्या मैदानात हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत, तेव्हा त्याला गावची वाळू आठवे आणि त्याचा जीव तुटे. 'सोडली' म्हटले, तर आपले असे जगात काहीच उरणार नाही, ही त्याला भीती. कुणीतरी आपली वाट पाहते आहे, एवढ्याच आधारावर तो तिथे दिवस काढत होता.

इकडे गाव दहा जणांनिशी खेळे आणि हरे. धाकटा भाऊही आघाडीचाच खेळाडू, पण जागा दादाची. तो काठावर बसून राही. तोंडाने त्याने ती कधी मागितली नाही.

अशी वीस वर्षे गेली. एके दिवशी राजाने दादाच्या जागी नवा गडी उभा केला. जागा सोडतोस का, असे विचारलेसुद्धा नाही. दादा तडक गावाकडे निघाला.

ऐन सामन्याच्या दिवशी तो पोचला. गाव आनंदाने वेडे झाले. आपल्या जागी उभा राहताच त्याचे डोळे भरून आले. वीस वर्षे तो याच घडीसाठी झुरला होता. चेंडू अगदी पायाशी आला. तो धावला, पण गुडघ्याने दगा दिला आणि तो वाळूत कोसळला.

धाकट्याने धावत येऊन त्याला उठवले.

"सोडली रे मी जागा," दादा म्हणाला. "तू खेळ. लहानपणी तू माझ्याहून चपळ होतास."

भाऊ कसनुसे हसला. "दादा, एवढं ऐकायला मी वीस वर्षं चालत येत होतो. आता माझेही गुडघे गेले."

पुढच्या जत्रेत त्या जागी एक नवा गडी खेळला आणि गाव जिंकले. दोघे भाऊ काठावर बसले होते. गावकरी नाचत होते, पण दादाचे तिकडे लक्ष नव्हते. तो भावाच्या पायांकडे पाहत होता. बसल्या जागी ते चेंडूमागे हलत होते.

तात्पर्य: आपल्याला परतणे जमत नसेल, तर आपली जागा वेळीच मोकळी करावी, आपल्या ओढीपायी दुसऱ्याचे आयुष्य अडवू नये.