वाळूतला खुंटा आणि पाणपरी

या नदीवर माझ्याइतका पट्टीचा नावाडी झाला नाही, पोरांनो! माझी नाव कधी म्हणजे कधी बुडाली नाही. बुडायला पाणी तर हवं ना!

त्याचं असं झालं, आमच्या झुळझुळी नदीनं कूस बदलली अन् ती पार बोरीच्या बनापलीकडं जाऊन खिदळत वाहू लागली. पण आमच्या नावाडी मंडळाचा नेम पक्का! पणजोबांनी ठोकलेल्या खुंट्यालाच नावा बांधायच्या. मग काय, रोज खुंट्याला हळदकुंकू वाहायचं अन् कोरड्या वाळूत, नावेत, वल्ही धरून ऐटीत बसायचं. माणसं आम्हाला रामराम करत चालत पुढं जायची!

उतारू नाहीत, तर चुलीवर भात नाही. मंडळ मोडायचं ठरलं. मग आमच्याच चुलीपाशी वाढलेली, बिनआईबापाची तुळसा जाणार कुठं? डोळे पुसत ती निघाली, तर आटत चाललेल्या डबक्यात एक चिमुकली मासोळी तडफडत होती. तुळसानं तिला ओंजळीत घेतलं, काटे तुडवत पळाली अन् नव्या पाण्यात सोडली.

झळाळ्ळ! मासोळीची झाली पाणपरी! निळेजांभळे पंख, केसांत दवाचे इवले इवले मणी, हातात मोरपंखी छडी.

"माग, बाळे! पण 'होतं तसं परत कर' म्हणशील, तर छडी ऐकायची नाही. अन् तुमचे हात ज्याला लागतील, तेवढंच ती हलवेल."

"आमचं मंडळ जगू दे!" म्हणत तुळसा धावत आमच्याकडं आली. "उठा! खुंटा उपटा!"

"अगं, खुंटा गेला तर मंडळ कसलं?" आमचे म्होरके गेणूनाना गरजले.

"नाना, पणजोबांनी तो कुठं ठोकला होता?"

"पाण्याकाठी!"

"मग पाणी कुठाय?"

नानांनी वाळूकडं बघितलं, धोतर खोचलं. मग त्यांनीच पहिला हात घातला. हुप्पा हुय्या! खुंटा निघाला, आम्ही नावांना खांदे लावले अन् सर्र्र! वाळू रुपेरी झाली, नावा बदकांसारख्या डुलत निघाल्या, थेट नव्या काठाला! पलीकडून हाका सुरू, "ओ नाववाले!" चुलीवर भात रटरटला. तुळसासाठी एक गुलाबी नावुली पाण्यावर हसत होती. परी सोनेरी लखलखाटात विरघळून गेली.

मी खुंटा ठोकला, मिशीला पीळ दिला. "आता हा हजार वर्षं हलायचा नाही!"

तुळसानं नावुलीतून मान वळवली.

"आबा, नदीला विचारलंत का?"