गारघाटची रेघ

आमच्या गारघाटला येणाऱ्याला आधी दिसतो तो घाटावरचा पांढरा गोटा. बसलेल्या म्हशीएवढा आहे, सगळा गारगोटीचा. त्याच्या माथ्यावर बोटभर लांबीची एक सरळ, बारीक रेघ आहे. दुसरी गोष्ट पाहुण्यांच्या उशिरा लक्षात येते. गावात लोहाराची ऐरण नाही. विळ्याला धार हवी असली तर नदी ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागतं.

असं का, ते डोमाजी आजा सांगतात. घाटाच्या पायरीवर बसतात, गोट्याकडे पाठ करून. त्यांनी सांगितलं तसंच मी लिहितो आहे.

फार जुन्या काळी या नदीच्या रेतीत हिरे सापडत, असं सांगतात. गावातले लोक लाकडी काथवटीत रेती धूत. हरभऱ्याहून मोठा खडा निघाला तर तो टेकडीवरच्या किल्लेदाराचा, असा कायदा होता. धुणाऱ्यांवर पहारेकरी बसलेले असत.

एका पहारेकऱ्यानं लखमू नावाच्या माणसाला तोंडाकडे हात नेताना पाहिलं. लखमू सुपारी खात होता म्हणे. पहारेकरी म्हणाला, यानं खडा गिळला. लखमूनं सांगितलं, "नाई गिळला." बायकोची शपथ घेतली, नदीची घेतली. कुणी ऐकलं नाही. त्याला टेकडीवरच्या कोरड्या खड्ड्यात उतरवलं आणि काठावर गोट्यांचा ढीग रचला. किल्लेदाराचा हुकूम झाला, येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत खडा हजर करा. नाहीतर नगारा वाजेल आणि नगारा वाजला की खड्डा बुजेल.

न चोरलेला खडा आणायचा कुठून?

लखमूच्या बायकोचं नाव तिमा. तिनं काथवट घेतली आणि नदीत उतरली. शेजारणी म्हणाल्या, "तिमे, येक घास तरी खाय वो." तिनं मान वर केली नाही. गोट्यांनी बोटांची सालं निघाली. काथवटीतलं पाणी लाल व्हायला लागलं, तेव्हा तिनं लुगड्याचा काठ फाडून हाताला गुंडाळला, कारण लाल पाण्यात खडा दिसत नव्हता. सहा दिवस गेले. सातव्या दिवशी बाजार होता.

त्या सकाळी तिला खडा सापडला. रानबोराएवढा. एवढा मोठा खडा नदीनं आधी कधी कुणाला दिला नव्हता म्हणे. मूठ आवळून ती धावत बाजारात गेली.

किल्लेदार पालात बसला होता. त्यानं खडा पाहिला आणि हसला. "गिळलेला खडा फार तर वाटाण्याएवढा. तू बोराएवढी गारगोटी आणलीस. मला खुळा समजतेस?"

शेजारी भानजी पारखी बसले होते. म्हातारे होते, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यांनी खडा उन्हात धरला, जिभेला लावला, पुन्हा उन्हात धरला. म्हणाले, "सरकार, हिरा आहे. माझ्या जन्मात असा पाहिला नाही."

"तुमचा डोळा गेला, भानजी. आता अक्कलही चालली."

तिमानं टेकडीकडे पाहिलं. नगारजी टिपरू हातात घेऊन उभा होता. जवळच लोहाराचं पाल होतं, ऐरण होती. खरा हिरा घणानं फुटत नाही, हे घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घण मारून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. हिऱ्यावर घण मारायची ऐपत कुणाची होती?

"मारा घन!" तिमा ओरडली. "खरा असन तं घन उडन, खडा नाई फुटनार. मंग सोडा माह्या मानसाले."

भानजी उठून तिच्याजवळ आले. "पोरी, घण मागू नकोस. हिरा कठीण असतो, पण वर्मी घाव बसला की फुटतो. मी खरं सांगतो आहे."

तिमानं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचाबी इस्वास नाई ना?" म्हणाली आणि खडा आपल्या हातानं ऐरणीवर ठेवला.

किल्लेदारानं मान हलवली. लोहारानं घण मारला.

खडा फुटला. अंगणात खडीसाखर सांडावी तसे तुकडे उडाले. किल्लेदारानं हात वर केला आणि टेकडीवर नगारा वाजला.

भानजींनी मातीतून एक तुकडा उचलला आणि ते घाटाकडे पळाले. त्या वयात पळाले. पांढऱ्या गोट्यावर त्यांनी तुकडा दाबून ओढला. रेघ उठली. "या, पाहा!" ते ओरडत होते. "गारगोटीनं गारगोटी अशी कापते का? हिरा होता! हिराच होता!"

किल्लेदारानं येऊन रेघ पाहिली. मग तोही टेकडीकडे धावला. गोटे उपसता उपसता दुपार टळली. लखमू निघाला तो मेलेलाच.

तिमानं सगळे तुकडे वेचून ओटीत घेतले. किल्लेदार समोर उभा होता, पण तिला अडवायची त्याची हिंमत झाली नाही. कमरेइतक्या पाण्यात जाऊन तिनं ओटी सोडली. बाहेर आली तेव्हा बाया रडत होत्या. ती रडली नाही. म्हणाली, "त्यानं सांगतलं होतं, नाई गिळला. म्हाताऱ्यानं सांगतलं, घन नोको मागू. सांगतलं होतं ना! मीच घन मागतला."

पुढे नदीत हिरे सापडणं बंद झालं, असं म्हणतात. ऐरण गावानं सीमेबाहेर नेऊन टाकली. ती पुन्हा आत आली नाही.

आजही गारघाटात कुणी कुणाला शपथ घालत नाही. लग्नात नवरानवरी देवासमोर काही बोलायच्या आधी या रेघेवर बोट ठेवतात. भांडण पंचांपुढे गेलं तर पंच दोघांना एकदाच विचारतात. बाजारात पलीकडचे लोक आम्हाला हसतात, "गारघाटच्याले कोनीबी फसवते." फसवतात, हे खरं आहे.

गोष्ट संपली की पाहुण्यांतला कुणीतरी विचारतोच, "पण आजोबा, हे खरं कशावरून?"

आजा काठी टेकून उठतात. पाठीमागच्या गोट्याकडे वळत नाहीत, रेघेकडे बोटही दाखवत नाहीत.

"म्या सांगतलं ना, बापू," म्हणतात आणि पायऱ्या चढायला लागतात.