काकवीची बरणी

ओढ्याकाठच्या एका गावात एक सुतारीण राहायची. पदरी रांगतं मूल, त्यामुळे जीव सदा टांगणीला. सासू चेष्टेनं म्हणायची, "आमच्या सूनबाईला घरात आधी विंचूच दिसतो!"

सुताराकडं लाकडाला लावायचं वाळवीचं औषध असे. काळपट, दाट आणि जहाल विषारी. एकदा त्याचा डबा गळायला लागला. शेजारच्या लोहारणीनं काकवी दिली होती, तिची बरणी घासून ठेवलेली होती. सुतारानं औषध त्या बरणीत ओतलं.

"अहो, खाण्याच्या बरणीत विष?" सुतारीण म्हणाली.

"वरच्या फळीवर ठेवतो. तिथं कोण खायला जातंय? तुझा विंचू निघाला बघ परत!"

ती कामाला लागली. पण मनाला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी ती ओढ्यावरून धुणं घेऊन आली, तर फळी रिकामी!

"आत्याबाई, बरणी कुठाय?" तिनं सासूला विचारलं.

"लोहारणीला देऊन आले की आत्ताच. रिकामी कशी द्यायची, या विचारात होते, तर बघते तो काय, निम्मी काकवी तशीच! म्हटलं, बरं झालं."

सुतारणीच्या हातातलं धुणं खाली पडलं. धावताना क्षणभर वाटलं, आरडाओरडा केला आणि काहीच नसलं, तर गाव हसेल. हसू दे! ती ओरडतच लोहाराच्या घरात शिरली.

"वहिनी, बरणीतलं कुणी खाऊ नका!"

लोहारणीची लेक पाटावर बसली होती. भाकरीचा तुकडा वाटीत बुडवून तोंडाशी नेत होती. सुतारणीनं तिचा हात धरला, तुकडा झटकला, वाटी उपडी झाली.

"अगं बाई, ही काय रीत? पोरीच्या तोंडचा घास काढतेस?" लोहारीण चिडली.

"घास नाही वहिनी, वाळवीचं औषध आहे ते!"

सांडलेल्या औषधाकडं मुंगळे धावले आणि तिथंच आडवे झाले. लोहारणीनं लेकीला पोटाशी धरलं. मग दोघींनी मिळून पोरीचे हात खळखळून धुतले. सुतारीण बरणी उचलून घरी घेऊन आली.

सुतार घरी आला. सगळं ऐकून त्याची मान खाली गेली. "चुकलो गं. राहिलेलं ओढ्यात ओतून येतो."

"आणि ओढ्याचं पाणी गुरं पितात, त्यांचं काय?"

मग तो बरणीचं तोंड घट्ट बांधून, राहिलेलं औषध बरणीसकट ते बनवणाऱ्याकडं देऊन आला. घरी येऊन त्यानं उंचावर एक कपाट ठोकलं. त्याला कुलूप लावलं आणि दारावर हा एवढा विंचू कोरला.

सुतारणीनं लोहारणीसाठी नवी बरणी आणली, लाडू भरून सासूच्याच हाती दिली. सासूनं आधी झाकण काढून वास घेतला. मग कपाटाकडं बघून हसली.

"सूनबाई, आता आम्हालाही विंचू दिसतो हो!"

तात्पर्य: खाण्याच्या भांड्यात विष ठेवू नये, आणि उरलं म्हणून वाटेल तिथं ओतू नये. घरात एकाला तरी विंचू आधी दिसलेला बरा.