राखेत बसलेला कोंबडा

चर्चच्या आवारातल्या विहिरीवर अजून पाणी शेंदलं जायचं, त्या काळची ही गोष्ट. तिथं शिमोन नावाचा एक कोंबडा होता. प्रभू येशूला नाकारणाऱ्या शिष्याला आपल्याच पूर्वजानं आरवून भानावर आणलं, या तोऱ्यात तो मान वर करून हिंडे.

एका सकाळी भुरकी कोंबडी धावत आली. "शिमोनदादा, कुंपणात मुंगूस शिरलंय!"

"माझी प्रार्थना चाललीय, दिसत नाही?" तो फणकारला. तेवढ्यात मुंगसानं तिचं एक पिल्लू उचललं.

शिमोन हादरला. आरवणं सोडून तो पश्चात्ताप म्हणून राखेत बसू लागला. "प्रभू, माझ्यासारखा नीच कोणी नाही," असं रोज मोठ्यानं म्हणू लागला. कबुतरं म्हणाली, "काय ही नम्रता!" ते ऐकून त्याला गोड वाटलं, आणि लगेच त्याला उमगलं. राखेत बसूनही तोरा गेला नव्हता.

तो भुरकीकडे गेला. "मला क्षमा कर. मी किती वाईट आहे, तुला कसं सांगू?"

"नकोच सांगू," भुरकी म्हणाली. "इतके दिवस तू स्वतःबद्दलच बोलतोयस. माझ्या पिल्लाचं नाव तरी ठाऊक आहे तुला?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "काय नाव होतं?"

"पिंगी. पंखाखालून बाहेर यायला फार भ्यायची. त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती."

भुरकी उरलेली पिल्लं घेऊन निघून गेली. क्षमा केली, असं काही ती म्हणाली नाही. शिमोन प्रार्थनेला उभा राहिला, पण त्याला शब्दच सुचेनात. "प्रभू, पिंगी..." एवढंच तो म्हणाला आणि रडू लागला.