पहिला गोळा

फार जुन्या काळी नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहत होता. हाताचा कसबी, पण स्वभावाने भारी काटेकोर. त्या गावच्या कुंभारांत एक रीत होती. माती मळली की पहिला गोळा घरातल्या पोरांना खेळायला द्यायचा. पोरं त्याचे बैल करत, चुली करत, त्यात राख नाहीतर वाळू कालवत आणि शेवटी सगळं मोडून टाकत.

कुंभाराला ही निव्वळ नासधूस वाटे. त्याचा मुलगा चालू-बोलू लागला, तरी त्याने तो गोळा त्याला कधी दिलाच नाही.

"अहो, पहिला गोळा पोराचा असतो," बायको म्हणाली. "खेळू द्या की त्याला."

"खेळून कुणाचं भलं झालंय? मी सांगेन तसं करेल, तर माझ्यासारखा होईल."

मग पोराला चाकाजवळ बसवलं. माती स्वच्छ ठेव, कण राहू देऊ नको. पाणी घाल. थांब. आता दाब. पोर निमूट करायचं. मडकं असं देखणं उतरायचं की सगळी आळी तोंडात बोटं घालायची. पोराची नजर शेजारच्या चिखलाकडे असे, पण ते बघायला बापाला सवड कुठे होती!

मुलाला मिसरूड फुटलं. एका वर्षी महापुरात मातीची जुनी खाण पाण्याखाली गेली. माळावरची नवी माती फार चिकट, तिची मडकी सुकतानाच तडकत. त्याच सुमारास कुंभाराला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, एक हात तेवढा हलता राहिला.

शेजारची पोरं नव्या मातीशी झोंबली. कुणी राख मिसळली, कुणी वाळू. मडकी फुटली की हसायची आणि पुन्हा बसायची. हळूहळू त्यांची मडकी टिकू लागली.

कुंभाराचा मुलगा मात्र बापाने शिकवलं तसं, काही न मिसळता रोज माती मळे आणि तडकलेली मडकी बाहेर टाके. घरातली चूल थंड पडली.

"बाबा, आता काय करू ते सांगा ना!" तो खाटेशी येऊन विचारी.

वाळू हवी, हे कुंभाराला ठाऊक होतं. पण जीभ वळेना. अखेर एके दिवशी तो सरपटत अंगणात गेला, हलत्या हाताने मूठभर वाळू उचलली आणि मळलेल्या मातीवर फेकली.

मुलगा कळवळला. "बाबा, असं काय करता? माती स्वच्छ हवी, हे तुम्हीच नाही का शिकवलं?"

त्याने बापाला उचलून आत निजवलं. मग परत येऊन वाळूचा कणन् कण वेचून काढला आणि गोळा चाकावर चढवला. कुंभार उघड्या दारातून बघत राहिला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

तात्पर्य: ज्याला लहानपणी माती बिघडवू दिली नाही, त्याला मोठेपणी ती सुधारता येत नाही.