रावजीमामा आणि शाळेचे पाहुणे

एका गावात एक भोळा शिपाई होता. शाळेचा शिपाई. पोलिसांचा नव्हे, हे गावाचं नशीब. नाव रावजी. पोरं त्याला रावजीमामा म्हणायची.

सांगितलेलं काम रावजी तंतोतंत करायचा. हीच तर पंचाईत होती.

शाळा होती एवढीशी. पोरं रोज कुठे ना कुठे गायब. कुणी करवंदांना, कुणी खेकडे धरायला. वरून निरोप आला, की साहेब येऊन पोरं मोजणार. कमी भरली तर शाळा बंद. मग पोरांनी ओढा ओलांडून पलीकडच्या गावाला जायचं. वासंतीबाईंची झोप उडाली. त्या एकट्याच शिकवायच्या आणि त्यांचा या शाळेवर फार जीव होता.

त्यांनी युक्ती काढली. वर्गात पाहुणे बोलवायचे, नवनवीन दाखवायचं. गंमत असली म्हणजे पोरं येतील.

पहिले आले कुंभारदादा. चाक आणलं, चिखल आणला. बाई म्हणाल्या, "रावजी, चहा होईस्तोवर चिखलाकडे लक्ष ठेव."

चहा झाला. कुंभारदादा बाहेर आले. चिखलाचा दगड झालेला.

"रावजी, अरे चिखल वाळला की!"

"व्हय बाई. वाळताना म्या समदा बघितला. नजर हलवली न्हाई."

पोरं खो-खो हसली. बाईंनी कपाळाला हात लावला. "उन्हातून उचलायचा, वर ओलं फडकं टाकायचं. पाहुण्यांची वस्तू अशी सांभाळतात."

"बरं बाई," रावजी म्हणाला आणि ते डोक्यात पक्कं बसवलं.

मग आले हलगीवाले शिरपाबाबा. हलगी ओट्यावर ठेवून पाणी प्यायला गेले. रावजीनं लगेच हलगी सावलीत नेली. वर ओलं फडकं टाकलं. वरून तांब्याभर पाणीही ओतलं, कमी पडायला नको म्हणून.

शिरपाबाबांनी थाप मारली. हलगी म्हणाली, फद्द.

पोरं गडाबडा लोळली. शिरपाबाबांचा चेहरा बघवेना. बाई चिडल्या. "रावजी, अरे ओलं नाही करायचं! शेकवायचं असतं. विस्तवापुढे धरायचं, मग कसं खणखणीत होतं!"

"बरं बाई."

मग आल्या नर्सताई. दंडात टोचायची लस घेऊन. लशीची पेटी गार होती, आत बर्फ. त्या हात धुवायला गेल्या. रावजीनं पेटी उचलली आणि थेट खिचडीच्या चुलीपुढे नेऊन शेकवली. चांगली आलटून पालटून.

लस वाया गेली. पोरांनी टाळ्या पिटल्या. एका पोरीनं तर रावजीमामाच्या पाया पडून घेतलं.

बाई आता रडकुंडीला आल्या. "जपायची वस्तू अशी चुलीपुढे ठेवतात का? गार, अंधाऱ्या जागी ठेवायची. घट्ट बंद करायची. कुणी कितीही ओरडलं तरी उघडायची नाही. अगदी मी ओरडले तरी!"

"तुमी वरडला तरी न्हाई?"

"नाही!"

"बरं बाई."

इकडे काय झालं, पोरं रोज यायला लागली. करवंदं सुटली, खेकडे सुटले. रावजीमामाचा आजचा घोटाळा बघायला मिळाला नाही तर? तापात असलेलं पोरसुद्धा गोधडी पांघरून यायचं. हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना वाटलं, पाहुण्यांचा गुण.

साहेब यायचा दिवस उजाडला. वर्ग भरलेला बघून बाईंचे डोळे पाणावले. "रावजी, मी साहेबांना आणायला फाट्यावर जाते. या पोरांना जप. एकही कमी पडता कामा नये."

"जपतो बाई."

बाई साहेबांना घेऊन आल्या. वर्गात चिटपाखरू नव्हतं. तांदळाच्या खोलीपुढे रावजी ताठ उभा. दाराला कुलूप.

साहेब म्हणाले, "मुलं कुठं आहेत?"

"जपून ठेवल्यात. गार हाय आत. अंधार बी हाय."

"रावजी, उघड ते दार!" बाई ओरडल्या.

"न्हाई बाई."

"अरे, मी सांगतेय!"

"तुमी वरडला तरी न्हाई, असं ठरलंय."

"किल्ली आण इकडे!"

"विहिरीत टाकली. तुमी वरडला की माजं मन विरघळतं. म्हून आधीच टाकली."

आतून पोरं हसत होती. बाईंनी दाराबाहेरूनच हजेरी घेतली. सगळी हजर. पण साहेब कडक होते. "दाराआडची मुलं धरत नाहीत. समोर दिसली पाहिजेत."

सुतार आला. दार बिजागऱ्यांतून उचकटलं. पोरं बाहेर आली, तांदळाच्या पिठानं पांढरी. बाईंना धड रागावताही येईना, सगळी सुखरूप बघून जीवच भांड्यात पडला. तेवढ्यातही त्यांनी रावजीला बाजूला घेतलं. "जित्या जिवाला असं कोंडायचं नसतं रे. झाकणाआड काही हलताना दिसलं, की आधी उघडायचं. मग विचारायचं."

"बरं बाई."

पोरं वर्गात ओळीनं बसली. साहेब खुर्चीवर बसून बोटांवर मोजायला लागले. बाई हात जोडून उभ्या. अर्धी मोजून झाली होती.

आणि त्या दिवशीचा पाहुणा आला. साप पकडणारा गुलाबभाऊ. हातात मोठी बरणी, झाकणाला भोकं. बरणी त्यानं दारात ठेवली, चपला काढायला वाकला.

रावजीनं बरणीकडे बघितलं. झाकणाआड काहीतरी हलत होतं.

रावजीनं आधी उघडलं. मग विचारलं, "गुलाबभाऊ, काय हाय ह्यात?"

"धामण आहे, बिनविषारी!" गुलाबभाऊ ओरडला. पण ते ऐकायला साहेब होते कुठे? खिडकीतून उडी, कुंपणावरून उडी, आणि जीप सुरू.

पोरं मात्र जागची हलली नाहीत. कशी हलणार? इतकी गंमत सोडून कोण जातं? आलेली सगळी पोरं हजर. गैरहजर फक्त साहेब.

शाळा बंद करायची तर कुणीतरी पुन्हा येऊन पोरं मोजायला हवीत. बाई रोज वाट बघतात. रावजीही दारात उभा असतो, स्वागताला. अजून कुणी आलेलं नाही.